भरलेल्या रेघा

एकदा एका तालुक्याच्या गावी तात्या नावाचे एक वृद्ध गृहस्थ राहत होते. उभा जन्म त्यांनी टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात घालवला होता आणि निवृत्तीनंतर घरोघरी इंटरनेट जोडून देण्याची विद्या ते होतकरूंना शिकवीत. सोपान हा त्यांचा शिष्य. शिष्य म्हटला तरी वय पस्तीस, दोन लेकरांचा बाप, पिठाची गिरणी मोडून या धंद्यात उतरलेला. मोडेम, राउटर, लॅन, बँडविड्थ हे शब्द त्याला घडाघडा म्हणता येत. अर्थाचा मात्र रोज नव्याने घोळ होई. मोडेम बाहेरची जोडणी घरात घेतो आणि राउटर ती घरभर वाटतो, हे तो सकाळी पाठ करी. दुपारपर्यंत कोण घेतो आणि कोण वाटतो, याचा त्याला पत्ता नसे. तात्यांना पुन्हा विचारायची लाज वाटे, म्हणून तो नुसती मान डोलावी.

एके दिवशी भुसार मालाचे व्यापारी कोठावदे शेठ यांचे बोलावणे आले. शेठांची सून कल्याणी घरी बसून संगणकावरून परगावच्या मुलांना गणित शिकवीत असे. तास दुपारी दोन ते चार. गेले दोन आठवडे ऐन तासात तिचे नेट जाई, चित्र गोठून बसे. आणखी एक तास बुडाला तर काम काढून घेऊ, असे संस्थेने तिला कळवले होते. शेठ दुपारी जेवायला घरी येत, फोन पाहत, आणि त्यांच्या फोनवर तर वाय-फायच्या रेघा भरलेल्या दिसत.

सोपान सकाळी दहाला पोहोचला. त्याने आपला फोन काढला, रेघा पाहिल्या आणि छाती फुगवून म्हणाला, "एकदम फुल्ल आहे शेठ. तुमच्या नेटला काही झालेलं नाही."

शेठ सुनेकडे वळले. "ऐकलंस? आता माहीतगार माणूस सांगतोय. काम झेपत नसेल तर तसं सांग, पण नेटच्या नावानं रोज खोटं नको. या महिन्यानंतर हे शिकवणं बंद."

कल्याणीने सोपानकडे एकदा पाहिले आणि ती आत गेली. ते पाहणे सोपानला दिवसभर टोचत राहिले. आपण खरे तेच सांगितले, मग जिवाला चैन का नाही, हे त्याला उमगेना. संध्याकाळी त्याने सगळा वृत्तांत तात्यांना सांगितला.

"रेघा किती होत्या?" तात्यांनी विचारले.

"भरलेल्या, तात्या."

"उद्या मी येतो," तात्या म्हणाले आणि पुढे काहीच बोलले नाहीत. वृद्धांची ही एक खोड असते. सांगायचे ते लगेच सांगतील तर समोरच्याची झोप कशी उडणार?

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दोघे शेठांच्या घरी गेले. तात्यांनी चहा घेतला, शेठांच्या गुडघेदुखीची चौकशी केली. मग ते उठले, भिंतीवरच्या मोडेमपाशी गेले आणि बाहेरून आलेली बारीक तार त्यांनी सरळ ओढून काढली. दुरुस्तीला आलेला माणूस चालते नेट बंद करतो, हे पाहून सोपानला चहाचा ठसका लागला.

"शेठ, मोबाईलचा डेटा बंद करा," तात्या म्हणाले. "आता वाय-फायच्या रेघा किती?"

शेठांनी फोन लांब धरून पाहिला. "भरलेल्याच आहेत की!"

"मग बाजारभाव उघडा."

पडद्यावर एक चक्र गरगरत राहिले. शेठांनी फोन हलवला, खिडकीपाशी नेला. चक्र काही थांबेना. सोपानने आपला फोन पाहिला, भिंतीवर लोंबणारी तार पाहिली, पुन्हा फोन पाहिला. आज त्याने मान डोलावली नाही.

"तात्या, माझं डोकं पार फिरलं. तार निघाली, मग या रेघा कशाच्या?"

तात्या खुर्चीवर बसले. "या रेघा घरातल्या घरातल्या, बाबा. तुझ्या फोनला आणि राउटरला एकमेकांचं नीट ऐकू येतंय, एवढंच त्या सांगतात. वाय-फाय म्हणजे तुझ्यापासून त्या पेटीपर्यंतची वाट. इंटरनेट पेटीच्या पलीकडून, या तारेनं येतं. नेट गेल्याची खूणही फोनवर येते, पण बारीक आणि उशिरा, आणि रेघा भरलेल्या दिसल्या की ती पाहतो कोण? काल तू घरातली वाट पाहिलीस आणि बाहेरच्या वाटेची ग्वाही दिलीस. तीही सकाळी दहाला, दुपारच्या दोनची. तेवढ्यावर एक खरं बोलणारी बाई तिच्याच घरात खोटी ठरली."

सोपानच्या कानांच्या पाळ्या तापल्या. शेठांनी फोन उपडा ठेवला.

तात्यांनी तार पुन्हा खोचली, नेट सुरू झाले आणि तिघे त्या तारेमागे गच्चीवर गेले. तार कठड्याच्या कडेने गेलेली होती. गच्चीच्या मध्यावर खाटेवर कुरडया वाळत होत्या.

"ही खाट दिवसभर इथंच असते?" तात्यांनी विचारले.

"नाही," शेठ म्हणाले. "दुपारी इथं टाकीची सावली येते. मग आमची मंडळी खाट कठड्याला लावतात."

सोपान गुडघ्यांवर बसला. तारेवर खाटेच्या पायाचा ठसा उमटला होता.

"पण ही तुटलेली नाही," तो गोंधळून म्हणाला.

"आत काचेचा धागा आहे. त्यातून उजेड जातो. खाटेचा पाय आला की धागा मुडपतो, उजेड अडतो; पाय हलला की पुन्हा चालू. म्हणून तू आलास तेव्हा सगळं छान."

शेठांनी त्या ठशावरून बोट फिरवले. मग ते जिना उतरले. सुनेच्या खोलीचे दार लोटलेले होते. स्वतःच्या घरात आजवर त्यांनी कुठल्याही दारावर टकटक केली नव्हती. आज केली.

"कल्याणी, माझं चुकलं. तुझं नेट खरंच जात होतं."

ती दारात आली. डोळे भरलेले होते, पण आवाज स्थिर होता.

"बाबा, हे आमच्या संस्थेच्या मॅडमना सांगाल? त्यांनाही मी खोटीच वाटते."

"लाव फोन," शेठ म्हणाले.

"शेठांनंतर मला द्या," मागून सोपान म्हणाला. "काल न बघता बोललो तो मी होतो, हे मीच सांगतो."

तात्या तिथे थांबले नाहीत. नवी तार आणायला ते केव्हाच जिना उतरून गेले होते.