अलीकडे आणलेली खूण

मुलांनो, दूर उत्तरेकडे देवदारांचे एक जंगल होते आणि त्या जंगलात एक सशीण आपल्या एकुलत्या एका पिल्लाबरोबर राहत असे. उन्हाळा आला की डोंगरापलीकडची राने पेटत. वणव्याचा धूर खाली उतरे आणि आठवडेच्या आठवडे हलण्याचे नाव घेत नसे. सूर्य दिवसभर तांबडा दिसे आणि गवताला राखेची चव येई. बाकीच्यांचे डोळे चुरचुरत, घसे खवखवत. पण सशिणीच्या पिल्लाची छाती जन्मापासूनच नाजूक. धुरात त्याच्या बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत. असे दिवस बिळात काढले तरच ते तगे.

या जंगलाची एक जुनी रीत होती. सकाळी समोरच्या सुळक्यावरचा म्हातारा देवदार दिसला, तर दिवस स्वच्छ; मग लहानथोर सर्वांनी कुरणात जाऊन हिवाळ्याची बेगमी करायची. देवदार दिसला नाही, तर दिवस धुराचा. मग सर्वांनी घरी बसायचे आणि कोठारातली कंदमुळे वाटून खायची. त्या वर्षी देवदार काही दिसेचना आणि कोठार भराभर रिकामे होऊ लागले. तेव्हा जंगलाचा मुखिया बारशिंगा याने डोके चालवले. धुराचे तो काही करू शकत नव्हता, म्हणून त्याने खूण बदलली. "सुळका फार लांब पडतो," तो म्हणाला, "यापुढे ओढ्याकाठचा अक्रोड पाहायचा." थोड्याच दिवसांत अक्रोडही दिसेनासा झाला, तेव्हा बारशिंग्याच्या दारातला दगड ही खूण ठरली. दवंडी पिटण्याचे काम कावळ्याकडे होते. "दगड दिसतोय हो! दिवस स्वच्छ आहे हो!" तो खोकत खोकत ओरडला.

सशिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिल्लाला बिळात ठेवून ती तडक बारशिंग्यापुढे जाऊन उभी राहिली.

"अहो महाराज, धूर होता तिथंच आहे! तुम्ही नुसती खूण उचलून नाकाशी आणलीत. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला!"

"सशीणबाई, तुम्ही फार मनाला लावून घेता," बारशिंगा म्हणाला. "कालच्यापेक्षा आज पुष्कळ बरं आहे."

"कशावरून?"

"दगडावरून."

"अगदी ठसठशीत दिसतोय!" कावळ्याने री ओढली.

"माझ्या लेकराला श्वास घेता येत नाही, त्याचं काय?"

"नियम सर्वांना सारखा. स्वच्छ दिवशी जो कुरणात येणार नाही, त्याला कोठारातून वाटा मिळणार नाही."

आता यांना काय सांगायचे? पालथ्या घड्यावर पाणी! सशीण पाय आपटत परतली. तिने ओढ्याकाठचे ओले शेवाळ आणून बिळाच्या तोंडाशी गच्च बसवले, घरातली उरलीसुरली मुळी पिल्लाला दिली आणि स्वतः उपाशी बसली. "वाटा गेला तर गेला," ती पुटपुटली, "लेकरू जायला नको."

दुसऱ्या दिवशी धूर इतका दाटला की झाडाला झाड दिसेना. तरी कावळा ओरडलाच आणि बारशिंगा सर्वांना घेऊन कुरणाकडे निघाला. अर्ध्या वाटेतच सर्वांचा जीव घाबरा झाला. लहान प्राणी एकमेकांच्या शेपट्या धरून कसेबसे माघारी आले. बारशिंगा मात्र ऐटीत पुढे गेला होता, तो तिकडेच धुरात अडकला. आता त्याला ना वाट दिसे, ना तो लाडका दगड. त्याची शिंगे झाडांवर आदळत होती आणि खोकून खोकून त्याच्या नाकी नऊ आले होते. सशिणीने बिळातून तो आवाज ऐकला. बसू दे भोगत, असे तिच्या मनात आलेही. पण चिडलेली असली तरी ती निर्दय नव्हती. ती बाहेर आली, शेवाळ पुन्हा नीट लावले आणि मागच्या पायांनी जमीन बडवू लागली. धप! धप! त्या आवाजाच्या रोखाने बारशिंगा धडपडत आला. सशिणीने त्याला जवळच्या ओढ्यावर नेले.

"मान खाली घाला आणि ओल्या शेवाळात नाक खुपसा!" ती ओरडली. बारशिंग्याने निमूटपणे ऐकले.

बऱ्याच वेळाने त्याचा श्वास ताळ्यावर आला. "पण सशीणबाई," तो केविलवाणा होऊन म्हणाला, "सकाळी दगड तर स्वच्छ दिसत होता!"

"दिसणारच! नाक टेकवून उभे होतात की त्याला!"

दुसऱ्या दिवशी बारशिंग्याने दगडाकडे ढुंकूनही पाहिले नाही. तो सुळक्याकडे पाहत राहिला. देवदार दिसत नव्हता. त्याने मुकाट्याने कोठार उघडले आणि पहिला वाटा स्वतः सशिणीच्या बिळापाशी नेऊन ठेवला. पुढे वारा फिरला, धूर विरळ झाला आणि एके सकाळी पिल्लू शेवाळ बाजूला सारून बाहेर डोकावले. "आई, सुळक्यावर झाड आहे!" ते आनंदाने ओरडले. त्याने ते प्रथमच पाहिले होते.

कावळ्याला मात्र राहवले नाही. "महाराज," तो म्हणाला, "पुढच्या वर्षासाठी तो देवदारच थोडा अलीकडे लावून घेतला तर?"

सशिणीने कपाळावर हात मारून घेतला.

तात्पर्य : खूण जवळ आणली, म्हणून संकट लांब जात नाही.