हौसाक्काचं विसावं बोट

एक होती हौसाक्का धनगरीण. राजाबिजा नाही हां आज. राजाला कुठं येतं मेंढरं राखायला?

हौसाक्काला आकडे लिहिता येत नव्हते. ती बोटांवर मोजायची. हातांची दहा, पायांची दहा, झाला एक विसा. विसा म्हणजे वीस, एवढंही माहीत नाही? विसा भरला की एक खडा ओटीत. पण तिच्या डाव्या पायाची करंगळी कुऱ्हाडीनं गेलेली. बोटं एकोणीसच. मग विसावं मेंढरू आलं की ती नाकाला हात लावायची. गाव हसायचं. हसू दे.

एके सकाळी तिनं मेंढरं मोजली. ओटीत अकरा खडे आले, वर आठ मेंढरं उरली. मग ती डोंगराकडं निघाली. खिंडीत बसला होता राक्षस, बरं का. त्यानं नुसता श्वास ओढला, नि सगळी मेंढरं सुर्रकन गुहेत! दाराला त्यानं धोंडा लावला.

"म्हातारे, घरी जा."

"जाते की. माझी मेंढरं सोड, मेल्या!"

"माझी एकोणीस पोरं उपाशी आहेत."

"मग आधी मला खा. नुसती हाडं आहेत, दातात अडकतील."

राक्षसाला हसू आलं. म्हणाला, "तीन सवाल घालतो. तव्यावरची भाकरी करपायच्या आत सांगायचं. चुकलीस तर मेंढरं आमची. नाही चुकलीस तर घेऊन जा."

भाकरी ही खळ्याएवढी! पहिली टाकली. "मेंढरांचे चार सारखे वाटे होतील?"

हौसाक्कानं खडे बघितलेच नाहीत. विसाचे चार वाटे नीट पडतात, तो कशाला बघायचा? वरची आठ तेवढी बघितली. "होतील. एक उरायचं नाही."

मग दुसरी भाकरी. "पाच वाटे?"

विसाचे पाचही नीट पडतात. पुन्हा आठच बघितली. "नाही. तीन उरतील."

राक्षस चिडला. तिसरी टाकली नि जाळ वाढवला. "माझ्या एकोणीस पोरांना सारखी येतील?"

आता आली का पंचाईत! विसाचे एकोणीस वाटे होत नाहीत, एक उरतं. भाकरीची कड काळी पडली. हौसाक्काला घाम फुटला. नाक पुसायला हात वर गेला, आणि तिथंच थांबला.

अगं बाई! बोटं एकोणीस, ती एकोणीस पोरांना. उरलं नाक. अकरा विसांची अकरा नाकं, वरची आठ, झाली एकोणीस!

"येतील!" ती ओरडली. "विसांतली अकरा-अकरा, उरलेल्यांतलं एकेक. बारा-बारा येतील!"

राक्षसानं धोंडा सरकवला, पोरांनी मेंढरं धरून बघितली. बरोबर बारा-बारा! कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. जन्मात पहिल्यांदा ती पोरं भांडली नाहीत.

राक्षस मान खाली घालून म्हणाला, "घेऊन जा, आक्का."

हौसाक्का निघाली. पण पोरांची खपाटीला गेलेली पोटं बघून थांबली. म्हणाली, "बारा-बारा चारायला न्या. दूध तुमचं, मेंढरं माझी. सांजच्याला मोजून घेईन."

मग काय, एकोणीस राक्षस झाले मेंढके. रोज मोजायचे, आणि विसाव्याला नाकाला हात लावायचे. बोटं सगळी शाबूत, तरी! हौसाक्का पाय पसरून बसायची नि हसायची. दूध पिऊन सगळे सुखात राहिले.

आता तुम्ही आपापली बोटं मोजा नि डोळे मिटा. एकोणीसच भरली तर नाकाला हात लावा. मला उठवायचं नाही.