शिळेखालचे दगड

वीरभानराजांनी कारवीचा घाट बंद केला आणि माथ्यावरच्या वाडीचं मीठ खाली कोकणातच अडलं!

कारण काय, तर बखर. राजांचे चिटणीस भिकोपंत यांनी घाटाचा इतिहास लिहून आणला होता. पूर्वी म्हणे तिथं वाट नव्हती, वाटसरू नव्हता, नुसतं रान. मग राजांचे आजोबा शूरभानराजे आले, डोंगराने त्यांना बघून मान लववली आणि घाट झाला! राजांनी ते तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि असल्या वाटेवर बैल शेण टाकतात?" ते गरजले. "उद्यापासून घाटात एक खूर दिसता कामा नये. जाईल ती फक्त आमची पालखी!"

पालखी जायची वर्षातून एकदा, माथ्यावरच्या वाघजाईला. मिठाचे बैल जायचे रोज. पण बखरीत बैलच नव्हते, त्याला कोण काय करणार?

पायथ्याशी गोजाबाई आपले चार लदणीचे बैल घेऊन खोळंबली. दुसरा घाट आठ दिवसांच्या वळशाचा. पावसाळा तोंडावर. वाटेत सर आली, तर मीठ ओढ्याला जाणार आणि ओलं गोणपाट तेवढं घरी पोचणार. वर वाडीत तर बायका मिठाची मडकी खरवडत बसलेल्या. गोजाबाईने पदर खोचला आणि थेट दरबार गाठला.

"महाराज, ही वाट आमच्या खापरपणजीच्याही आधीची आहे."

"पुरावा?"

"आमच्या टाचा बघा की!"

"टाचा काय, सगळ्यांनाच असतात!" राजे म्हणाले आणि दरबार खो खो हसला. "हे बघ बाई, साक्षीदार आण. तो आमच्या आजोबांच्या आधीपासून घाटात असला पाहिजे. आम्हाला भिणारा नको, लाच खाणारा नको. आठ दिवस देतो. नाही आणलास, तर बैल सरकारजमा आणि घाट कायमचा बंद!"

"आठ दिवस कशाला? साक्षीदार आहे तयार. पण तो इथं यायचा नाही. तुम्हालाच वर यावं लागेल."

"एवढा माजोरी आहे?"

"म्हातारा आहे, महाराज. जागचा हलत नाही."

दुसऱ्या दिवशी पालखी निघाली. पायथ्याच्या नदीशी गोजाबाईने वाकून एक गोल गोटा उचलला आणि ओच्यात घातला. आठही भोयांनी एकेक गोटा कमरेला खोवला. घाट चढणाऱ्याची रीतच ती. नदीतला गोटा वर न्यायचा आणि वाघजाईपुढच्या राशीवर ठेवायचा, म्हणजे गुडघे धरत नाहीत. राजांनी गोटा घेतला नाही. त्यांचे गुडघे कशाला धरतील? भिकोपंत मात्र पायी चालले होते आणि भात्यासारखे धापा टाकत होते. तट्टू आणता येईना, कारण घाटात खूर नको!

वाघजाईपुढची रास दोन पुरुष उंच. "हाच माझा साक्षीदार!" गोजाबाई राशीकडे बोट करत म्हणाली. तिच्या पोटात, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, शूरभानराजांनी बसवलेली शिळा. भिकोपंतांनी दम खाऊन मोठ्याने वाचलं, "या घाटी पहिले पाऊल श्रीमंत शूरभानराजे यांचे."

राजांनी हात जोडले. "झालं की! बाई, तुझा साक्षीदार तर आमच्याच बाजूने बोलला!"

"मला कुठलं वाचता येतंय, महाराज? तुम्ही सगळे अक्षरं बघता, मी आपली अक्षरांच्या खाली बघते. ही शिळा टेकली आहे कशावर?"

राजे पालखीतूनच वाकले. शिळेखाली गोटे, त्यांच्याखाली गोटे, अगदी तळचे शेवाळाने हिरवे झालेले.

"आजोबा पहिले आले, तर हे खालचे गोटे कोणी ठेवले?"

राजांनी भिकोपंतांकडे पाहिलं. भिकोपंतांनी आभाळाकडे पाहिलं.

"ओटा आहे तो, महाराज!" पंतांना एकदम सुचलं. "शिळा उंचावर शोभावी म्हणून आपल्याच माणसांनी आधी रचला!"

"आधी?" गोजाबाईने विचारलं.

"आधी म्हणजे... आदल्या वर्षी."

"हे तर नदीतले गोटे, पंत. वर कुठं नदी आहे? मग तुमची माणसं हे घेऊन आली कुठून?"

"कुठून म्हणजे? घाटातूनच! दुसरी वाटच कुठं..." आणि पंतांनी जीभ चावली.

राजे लालबुंद झाले. "नोकरचाकर यात धरायचे नसतात! राजांमध्ये पहिलं पाऊल आमच्या आजोबांचंच!"

"बरं, तसं तर तसं. आजोबा चालत आले होते का?"

"राजा कधी चालतो का? पालखीतून आले होते!"

"मग पाऊल टेकलं ते पुढच्या भोयाचं, महाराज! घाटाने तुमच्या आजोबांचा तळवासुद्धा बघितलेला नाही!"

पुढच्या भोयाला जोराचा खोकला आला. राजांनी खाली आपल्या जरीच्या जोड्याकडे बघितलं. त्याला धुळीचा कण नव्हता. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं आणि मग ते असे हसले, की झाडावरची माकडं पलीकडच्या दरीत पळाली!

"घाट मोकळा!" डोळे पुसत ते म्हणाले. "आणि तुला काय हवं ते माग, बाई."

"तुमची पालखी द्या, महाराज."

"बसायला?"

"मला पाय आहेत. मिठाला नाहीत. बैल सावकाश येतील मागून. भोई रिकामी पालखी घेऊन पळत गेले, तर एक गोणी दिवेलागणीच्या आत वर येईल. आज वाडीत आमटी अळणी नको."

"रिकामी? आणि आम्ही?"

गोजाबाईने नुसतं घाटाकडे बोट केलं.

भोई पालखी घेऊन हसत पळत सुटले. मागून राजे निघाले, एका हाताने धोतर सावरत, दुसरा हात पंतांच्या खांद्यावर. दहा पावलांवर त्यांना ठेच लागली.

"पंत, बखर काढा!" राजे एका पायावर उभे राहून ओरडले. "लिहा! या घाटात आमच्या घराण्याचं पहिलं पाऊल आज पडलं. आणि पुढं हेही लिहा, की अंगठा फुटला!"