मरळीची राखण

नदीला पहिला बांध घातला गेला, त्या काळातली ही गोष्ट. बांधामागच्या तलावात एक मरळ मासोळी आपली पिल्लं राखत होती. पिल्लांचा लालसर पुंजका श्वास घ्यायला पाण्यावर आला, की तिचा जीव खालीवर व्हायचा.

एके सकाळी पुंजक्याशेजारी एक बोटभर मासा तडफडताना दिसला. “चल, निघ इथून!” ती खेकसली.

“कसा निघू, मावशी? माझ्या पाठीत गळ आहे आणि दोरा काठावरच्या माणसाच्या हातात आहे. पिल्लं राखणारी मरळ भुकेपोटी फसत नाही, पण पिल्लांजवळ आलेल्यावर तुटून पडते, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तर मला इथंच सोडलंय. तू लांब राहा. मी पिल्लांच्या वाटेला जाणार नाही.”

मरळीनं एक घिरटी घातली. खरं बोलत असेल का हा? पण पिल्लांजवळ येणारा गोडच बोलणार! तेवढ्यात एक पिल्लू त्याला हुंगायला पुढं गेलं आणि तिचा धीर सुटला. तिनं झडप घातली.

दोरा ताणला गेला आणि मरळ काठावर जाऊन पडली.

त्या हिसक्यात गळातून निसटलेला मासा रक्ताळलेल्या अंगानं तळाशी टेकला. पिल्लं सैरभैर होऊन आईला शोधत राहिली आणि शेवटी एकेक करून त्याच्याच पोटाखाली येऊन दडली.