जहागीरदारांचा मोठा टर्बो

कोल्हापूरच्या जहागीरदारांच्या शर्यतीच्या गाडीचा टर्बो जळाला. इंजिनाला जोर देतो तोच भाग, पण मालक हटून बसले, "नवा बसवायचा तर सगळ्यांत मोठा!" ट्रॅक नुसता वळणांचा, तिथे छोटाच हवा, हे सांगून चालक केतकी थकली होती. ही शर्यत हरली, तर तिच्या जागी मालकांचा भाचा बसणार होता.

"मग मागवू ना मोठा?"

केतकी गप्प.

"अगं, तुला विचारतोय!"

ती गप्पच. वैतागून जहागीरदार जेवणाकडे वळले, "आज तांबडा रस्सा सांगू या."

"नको," केतकी म्हणाली.

"रस्सा नको?"

"मोठा टर्बो नको."

"विचारलं तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"तोही असाच आहे, साहेब. या वळणावर जोर मागितला, की पुढच्या वळणावर देतो."

जहागीरदार मात्र लगेच बोलले, "छोटाच मागव, बाई!"