झाडाची पाठ

एकदा एक वाटाड्या म्हातारा झाला. घाट तो अजून चढत होता, पण उतरताना त्याचे गुडघे कुरकुरू लागले होते. त्याचे गाव घाटमाथ्यावर, चहूकडून रानाने वेढलेले. त्या रानात तीन जागा अशा होत्या, की त्या पाहायला दूरदूरची माणसे येत. पहिली, ओढ्याच्या पात्रात पाण्याने कोरलेले माणूसभर खोल रांजणखळगे. दुसरी, डोंगराच्या शेंड्याला पडलेले आरपार भोक, म्हणजे नेढे. आणि तिसरी, जिथे डोंगर एकाएकी संपतो आणि खाली सगळे कोकण पसरलेले दिसते, तो कडा.

गावाची रीत अशी, की वाटाड्याची काठी ज्याच्या हातात, त्यानेच पाहुण्यांच्या पुढे चालायचे. काठी साधीच होती, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. म्हाताऱ्याचा एक शिष्य होता, वीस-बावीस वर्षांचा. तीन वर्षे तो त्याच्या मागे हिंडत होता आणि तीनही वर्षे त्याची नजर त्या काठीवर होती. हे रान साऱ्या जगाने पाहिले पाहिजे असे त्याला मनापासून वाटे. म्हाताऱ्याच्या चालीने ते कधी व्हायचे, हा विचार त्याला स्वस्थ बसू देत नसे.

त्या वर्षी पाऊस उघडल्यावर शिष्याने एक काम केले. गेरू कालवून घेतला आणि गावापासून कड्यापर्यंत वाटेवरच्या झाडाझाडावर लाल पट्टे ओढले. परतल्यावर मोठ्या अभिमानाने त्याने ते गुरूला सांगितले.

"खुणा कुणासाठी केल्यास?" म्हाताऱ्याने विचारले.

"येणाऱ्यांसाठी, आबा. आता आंधळासुद्धा कड्यापर्यंत जाईल."

"बरं," म्हातारा म्हणाला.

चार दिवसांनी देशावरचा एक कापडाचा व्यापारी आला. त्याच्याबरोबर त्याची आई होती, सत्तरीची, अंगाने किरकोळ.

"आमच्या आईचा हट्ट," व्यापारी म्हणाला. "मी म्हटलं, तुझं वय काय, तू करतेस काय!"

"वय झालं म्हणूनच ना रे," म्हातारी म्हणाली. "तुझे वडील बैल घेऊन याच घाटानं जायचे. घरी आले की सांगायचे, डोंगराला भोक आहे नि त्यातून आभाळ दिसतं. चाळीस वर्षं ऐकलं. एकदा बघू तरी दे, खरं सांगत होते की थापा मारत होते ते."

म्हाताऱ्या वाटाड्याने काठी शिष्याच्या हातात ठेवली. "आज तू पुढं. तिन्ही जागा दाखव आणि दिवेलागणीच्या आत सगळ्यांना घरी आण. आणलंस तर काठी तुझी. मी मागून येईन आणि वाटेबद्दल एक शब्द बोलणार नाही."

शिष्याच्या अंगावर मूठभर मांस चढले. तो निघाला तो वाऱ्यासारखा. लाल पट्टे एकामागून एक समोर येत होते आणि प्रत्येक पट्टा पाहून त्याची छाती थोडी अधिक फुगत होती. रांजणखळगे आले. ते कसे झाले, दगडाला पाण्याने कसे भोवंडून फिरवले, हे त्याने इतके रंगवून सांगितले की व्यापारी तोंडात बोट घालून उभा राहिला.

अडचण एकच होती, म्हातारीची. शंभर पावले चालली की ती धापा टाकत खाली टेके. चढ समोर पाहिला की तिला आणखी धाप लागे, म्हणून ती चढाकडे पाठ करून, आल्या वाटेकडे तोंड करून बसे. आणि गंमत म्हणजे म्हातारा वाटाड्याही प्रत्येक वेळी तिच्याशेजारी तसाच पाठ फिरवून बसे.

"आबा, नेढं इकडं आहे," व्यापारी हसून म्हणाला. "तुम्ही दोघं तिकडं काय बघताय, गाव?"

"बघतोय आपलं," म्हातारा म्हणाला.

शिष्य मात्र पुढच्या झाडाशी काठी आपटत उभा राही. "आजी, उठायचं ना? ऊन कलायच्या आत कडा गाठायचाय."

"उठते रे बाबा. तू काय, हरणाचं पोर. मला दोन पायांवर सत्तर वर्षं वाहायचीत."

अशी बसत-उठत ती नेढ्याखाली पोचली. वर पाहिले तर काळ्या कातळाच्या मधोमध निळ्या आभाळाचा तुकडा. म्हातारी कितीतरी वेळ मान वर करून पाहत राहिली. "थापा नव्हत्या म्हणायच्या," एवढेच ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. शिष्याने मनात पुढची चाल ठरवली होती. पण ते डोळे पाहून तोही क्षणभर घाई विसरला.

मग कडा झाला. कोकण पाहून झाले. शिष्याने मनोमन काठी आपली करून टाकली, आणि तेवढ्यात खालून धुके आले. घाटावर ते असे येते, की आता समोर दरी आहे म्हणावे, तर दोन श्वासांत आपला हात आपल्याला दिसत नाही.

"चला, माझ्या मागं या," शिष्य म्हणाला. "खुणा आहेत."

सगळी झाडीत शिरली. शिष्य पहिल्या झाडाशी गेला. बुंधा कोरा. दुसऱ्याचाही कोरा. तिसराही तसाच. मग त्याच्या लक्षात आले. गेरूचे पट्टे त्याने गावाकडून येताना ओढले होते. येणाऱ्याच्या समोर जी बाजू येते, तिच्यावर. परतणाऱ्याच्या समोर येत होती ती झाडांची पाठ, आणि पाठीवर त्याने काहीच लिहिले नव्हते.

तो प्रत्येक झाडाला वळसा घालून पट्टा शोधू लागला. एखादा सापडे, पण तेवढ्या फेऱ्यांत आपण कुठल्या दिशेने आलो हेच चुकून जाई.

"अरे, काय चाललंय हे?" व्यापारी वैतागला. "वटपौर्णिमा आहे का आज? किती झाडांना फेऱ्या घालशील?"

शिष्य पाच-सहा पावले पुढे गेला. त्याच्या पायाखालून एक दगड सुटला, घरंगळला, आणि त्यानंतर तो कुठे पडल्याचा आवाज आलाच नाही. चौघेही जागच्या जागी थिजले. इतके फिरून तो पुन्हा कड्याच्या तोंडाशी आला होता.

शिष्य मागे सरकला. तीन वर्षांत जे वाक्य त्याच्या तोंडातून कधी निघाले नव्हते, ते आता निघाले. "आबा, मला वाट सापडत नाही."

म्हाताऱ्याने पुढे होऊन त्याच्या हातातली काठी घेतली. आता तो स्वतः पुढे चालेल असे सर्वांना वाटले. पण त्याने ती काठी नेऊन म्हातारीच्या हातात दिली.

"माई, तुम्ही पुढं व्हा."

"आबा!" व्यापारी ओरडला. "ही काय थट्टा करायची वेळ आहे? तिनं हे रान आज पहिल्यांदा पाहिलंय!"

"मला रे काय कळतंय रानातलं," म्हातारीही घाबरून म्हणाली.

"वाट नका सांगू. येताना बसला होतात ना, तेव्हा समोर काय होतं तेवढं सांगा."

म्हातारीने डोळे मिटले. "शेवटचं बसले तेव्हा… वारा पाठीला लागत होता, गार. आणि समोर एक जांभळीचं झाड होतं. त्याला ही एवढी ढोली, भट्टीच्या तोंडासारखी काळी. मी तुम्हाला म्हटलंसुद्धा, यात एक माणूस मावेल."

"वारा पाठीवर घ्या आणि चला," म्हातारा म्हणाला.

एकमेकांचा हात धरून चौघे निघाले. थोड्या वेळाने धुक्यातून ढोलीचे काळे तोंड समोर आले. शिष्य या जांभळीखालून शंभरदा गेला असेल. तिला ढोली आहे हे त्याने आजच पाहिले.

पुढे कारवीचे रान लागले. डोक्याएवढी उंच झुडपे आणि त्यांतून गुरांनी पाडलेल्या दहा वाटा. म्हातारी थबकली. "इथं बसले तेव्हा उजव्या कानाला पाणी ऐकू येत होतं. बारीक, लोट्यातून ओतावं तसं." सगळी गप्प राहिली. मग पाणी ऐकू आले, आणि ते उजव्या कानाला येईल ती वाट त्यांनी धरली. त्यापुढे बसलेल्या म्हशीसारखा एक खडक लागला. शिष्याला तो पलीकडून नुसता सपाट दगड वाटायचा. त्यानंतर ओढा आला, खळगे आले, धुके विरळ झाले. शेवटी गावातल्या चुलींचा धूर दिसला.

वेशीपाशी म्हातारी दगडावर टेकली. या वेळी तिच्याशेजारी शिष्य बसला.

"आबा," तो म्हणाला, "तुम्हाला वाट माहीत होती. खुणांचं त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू झाडांच्या पाठीवर पट्टे ओढून आला असतास आणि काम संपलं म्हणाला असतास," म्हातारा म्हणाला. "चूक पट्ट्यांची नव्हती, बाळा. ज्याला काही दाखवायची घाई असते, तो सगळ्या गोष्टींची फक्त समोरची बाजू पाहतो. पण माणसांना कड्यावर नेलं म्हणजे वाटाड्याचं काम अर्धंच झालं. जो येतो त्याला परतही जायचं असतं, आणि परतताना तेच रान दुसरं होतं. ते दुसरं रान आज आपल्यात कुणी पाहिलं? जिच्यामुळं तुला उशीर होत होता, तिनं. ती थकत होती म्हणून थांबत होती, आणि थांबत होती म्हणून पाहत होती. मी इतकी वर्षं दर पाहुण्यामागं हेच केलं. जो सगळ्यांत हळू चालतो, त्याच्याशेजारी जाऊन बसलो. वाट मला त्यांनीच शिकवली."

म्हातारीने काठी दोघांच्या मध्ये धरली. "घ्या बाई ही. कुणाला देऊ?"

शिष्याने दोन्ही हातांनी काठी घेतली. क्षणभर बोटे त्या गुळगुळीत लाकडावर फिरली. मग त्याने ती गुरूच्या हातात दिली.

"पुढच्या खेपेला मी मागं चालतो, आबा."

म्हाताऱ्याने मान डोलावली. व्यापारी पुढे झाला आणि आईसमोर उकिडवा बसून तिच्या पायांतले काटे काढू लागला.

समाजाला कुठेतरी पोचवण्याची ज्यांना घाई झाली आहे, त्यांनी मागून धापा टाकत येणाऱ्याशेजारी एकदा बसून पाहावे.