ठकूआत्याचा कळंब

सडेवाडीच्या पठारावर गाडीरस्ता चढला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. नक्की साल विचाराल तर मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं ती माणसं गेली. तेव्हा हिशेब बाजूला ठेवून ऐका.

वाडीत शिंप्याचं एकच घर होतं. त्या घरची लेक ठकू लग्न होऊन घाटाखाली गेली आणि नवरा वारल्यावर तरुणपणीच माघारी आली. येताना तिने नवऱ्याचं पायमशीन गड्यांच्या खांद्यावरून घाट चढवून आणलं. भांडीकुंडी तिकडेच राहिली, पण मशीन आलं. वाडीची लेक म्हणून ती लहानथोरांची आत्या झाली. ती झबली, बंड्या, चोळ्या शिवायची, आणि हात मोकळा झाला की झाडं शिवायची.

हो, झाडं! आमचं पठार म्हणजे उघडा कातळ आणि वारा. घाटाखाली पाहिलेल्या झाडांच्या राया तिच्या डोळ्यांतून जात नव्हत्या. मशीनच्या सुईजवळ कापड दाबून धरणारा लोखंडी पाय असतो, तो ती काढून टाकायची, कापड लाकडी कड्यात ताणायची आणि दोन्ही हातांनी सुईखाली असं फिरवायची की दोऱ्याचं पान व्हायचं, पानांची फांदी व्हायची. तिने एका गोधडीवर बाभूळ काढली, तर त्या गोधडीत झोपलेल्या पोराच्या टाचेत काटा मोडला, असं म्हणतात. रावजीतात्यांच्या बंडीवरची चिंच त्यांच्याच शेळीने चघळली आणि वर तोंड आंबट केलं, असंही म्हणतात. शेळीचं तोंड एरवी कसं असतं ते मला विचारू नका.

रावजीतात्या हे वाडीचे वडीलधारे. शिंप्याचं घर सोडलं तर अख्खी वाडी एकाच भावकीची, आणि त्या भावकीचं देवक कळंब. देवक म्हणजे कुळाचं झाड. लग्नाच्या आदल्या दिवशी घरातलं एक जोडपं कुऱ्हाड घेऊन वाजतगाजत कळंबाकडे जायचं, एक फांदी तोडून आणायचं आणि ती मांडवाच्या मेढीला, म्हणजे मुख्य खांबाला, बांधायचं. ती बांधल्याशिवाय हळदीला हात लावायचा नाही. वाडीला कळंब एकच होता, वाडीच्या मूळ पुरुषाने लावलेला. पिढ्यान्‌पिढ्या त्याच झाडाच्या फांद्या लग्नांना गेल्या.

तात्यांची नात हौसा हिचं लग्न वैशाखात ठरलं होतं, आणि चैत्रातल्या वळवात कळंबावर वीज पडली. झाड बुंध्यापर्यंत जळून कोळसा झालं.

वाडीचं तोंड उतरलं. कोणी म्हणालं, घाटाखालच्या कळंबाची फांदी आणू. तात्या म्हणाले, "त्यो त्यांचा कळंब. त्यांचं देवक आपल्या मेढीला बांधायचं व्हय? देवकाबिगर लगीन न्हाई." नवऱ्याकडच्या लोकांनी निरोप धाडला की वैशाख टळला तर सोयरीक मोडली असं समजा. घरी हौसाच्या आईचा डोळा कोरडा राहीना. आणि ही एकट्या हौसाची गोष्ट नव्हती. देवक नाही तर यापुढे वाडीत कोणाच्याच घरी मांडव पडणार नव्हता.

हौसा मात्र धीट पोरगी. ती उठली आणि ठकूआत्याच्या ओसरीवर जाऊन बसली.

"आत्या, तू दुनियेची झाडं शिवतीस. आपला कळंब शिव की."

आत्याने अंगावर घ्यायची एक जाड पासोडी कड्यात घातली. मग जे मशीन सुरू झालं ते थांबेना. तिचा पाय पट्टीवर आणि कापड हातात; जेवणाचीही शुद्ध नव्हती. बाया येऊन तिच्या तोंडात घास घालायच्या. हिरव्या दोऱ्याची रिळं संपली तेव्हा तिने दोरा पालेभाजीच्या पाण्यात बुडवला आणि तो हिरवा निघाला, असं म्हणतात. शेवटी पासोडी तिने ओसरीच्या भिंतीवर टांगली. काय कळंब होता! बुंधा भरदार, चहूबाजूंनी फांद्या, पान न्‌ पान तकतकीत. एक मधमाशी भिंतीवर येऊन घुटमळली.

वाडी बघायला जमली. तात्या पुढे झाले, मागे झाले, आणि म्हणाले, "झाड लई ग्वाड हाय, ठकू. पर ह्यो आपला कळंब न्हवं."

आत्याच्या काळजाला घरं पडली. "का न्हवं?" ती म्हणाली. "पान पारखून घ्या, साल पारखून घ्या."

तिथली सगळ्यात म्हातारी अनसूआजी पुढे येऊन हसली. "आगं बाय माझे, आपल्या कळंबाला खालच्या अंगाला फांद्याच कुठं हुत्या? समद्या लग्नांनी तोडून न्हेल्या न्हवं का!"

तेव्हा आत्याच्या ध्यानात आलं. ती शिंप्याची लेक, तिच्या घरचं देवक वेगळं. त्या झाडाला तिच्या घरच्या कोणी कुऱ्हाड लावली नव्हती. म्हणून तिने अखंड झाड काढलं होतं, आणि वाडीचा कळंब कधी अखंड नव्हताच. तिला राग आला, रडू आलं आणि मग हसू आलं. तिने पासोडी उतरवून ओसरीवर अंथरली, हातात उसवायचं पातं घेतलं आणि म्हणाली, "सांगा. कुणाची कुठली ते बोट लावून सांगा. मी उसवते."

मग काय, एकेक घर येऊ लागलं. "ही आमच्या थोरल्याची." "ही धाकट्या नणंदेची." एक म्हातारा-म्हातारी भांडायला लागले, तो म्हणे फांदी वर होती, ती म्हणे खाली. आत्याने दोन्हीकडे अर्धी अर्धी उसवली, तेव्हा कुठे दोघं घरी गेली. फांदी उसवली की कापडावर सुईची भोकं राहायची, आणि ती भोकं अगदी तोडलेल्या फांदीच्या वणासारखी दिसायची. झाड उघडं पडत गेलं तसं ते वाडीचं होत गेलं. शेवटी तात्या आले. त्यांची म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी बुंध्याजवळ एक बोट ठेवलं आणि ते बोट काही उचलेनात.

"ही आमची," ते म्हणाले. थोड्या वेळाने नाक पुसून म्हणाले, "आता हौसाची कुठली, ते सांग."

कळंब मान्य झाला होता!

आत्याने ते पातं हौसाच्या आईच्या हातात दिलं. ती घाबरली. "मी कशी उसवू, आत्या? तुझी मेहनत."

"जुन्या फांद्या मी उसवल्या, ही मी न्हाई उसवायची. लेक तुझी, फांदी तू काढ."

तिने एक फांदी उसवली. दोरे सुपात गोळा केले, वाजतगाजत नेले आणि मेढीला बांधले. कळंब फुलतो तो पावसाळ्यात. पण त्या वैशाखात मांडवभर कळंबाच्या फुलांचा वास सुटला आणि वऱ्हाडी माना वर करकरून झाड शोधू लागले, असं म्हणतात. लग्नानंतर देवक उठवलं तेव्हा ते हिरवे दोरे सुकून पिवळे पडले होते. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी ठेवते.

पुढे एकदा तात्यांनी विचारलं, "ठकू, आसं उसवत गेलं तर झाड सरंल की."

आत्या म्हणाली, "सरंल कसं? घरात पोर जलमलं की त्याच्या आईनं हितं येऊन फांदी घालायची. आन्‌ ज्याची फांदी, ती त्याच्याच लग्नाला उसवायची."

ठकूआत्या खूप जगली, तृप्त होऊन गेली. ती गेली त्या दिवशी उघड्या कातळावर झाडाची सावली पडली होती, असं म्हणतात. पासोडी जीर्ण झाली की तिच्याखाली नवं कापड लावतात. मशीन आत्याच्याच ओसरीवर आहे. आजही बारशाच्या दिवशी बाळंतीण पोराला शेजारणीकडे देऊन तिथे बसते. मशीन चालवता येत नसेल तर दुसरी कोणी पाय मारते, पण कापड आईनेच फिरवायचं. फांदी वाकडी येते, कोणाची तर केरसुणीसारखी येते, तरी ती कोणी दुरुस्त करत नाही. आणि पोर लग्नाचं झालं की "आत्या, फांदी न्यायला आलोय" असं मशीनला सांगून तीच आई, तेव्हा घातलेला तोच वाकडा टाका हाताने उसवते.

म्हणून आमच्या वाडीत लेकीची पाठवणी करताना आया रडत नाहीत. त्या आदल्या दिवशी ओसरीवर, उसवताना, पोटभर रडून घेतात, आणि मग पदर खोचून पंगतीला वाढायला जातात.